बत्ताशातला चांद

मोबाईलने चंद्राचा फोटो काढला की हाती येतो तो पांढरा बत्तासा. भोवती काळोख, मधोमध बत्तासा. नुसत्या डोळ्याला दिसणारे डागसुद्धा त्यात नसतात. ज्याच्यासाठी ईदच्या आदल्या संध्याकाळी सगळा मोहल्ला गच्चीवर चढतो, तो चांद कॅमेऱ्यात असा का येतो, असे मुले विचारतात. उत्तर अवघड नाही. कॅमेरा पूर्ण चौकटीतला काळोख बघतो आणि उजेड वाढवतो. चंद्र मात्र उन्हात पडलेल्या दगडाइतका उजळ असतो. खरे म्हणजे तो उन्हात पडलेला दगडच आहे. त्यामुळे तो जळून पांढरा होतो. फोटो काढताना उजेड हाताने कमी केला की डाग दिसू लागतात. इथपर्यंत कोणालाही जमते. त्यापुढचे काम संगणकाचे आहे, आणि आम्ही गेले वर्षभर त्याच कामात गुंतलो आहोत.

आम्ही दोघेही शिक्षक. एक उर्दू हायस्कूलमध्ये, एक मराठी शाळेत. सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. पाऊस कमी, म्हणून आकाश मोकळे. त्याचा एवढाच काय तो फायदा. भिशीचा नंबर लागला तेव्हा फ्रिज बदलायचा होता, पण थोरलीने साडेचार इंची आरशाच्या दुर्बिणीचा हट्ट धरला आणि धाकट्याने तिची बाजू घेतली. जुना फ्रिज अजून चालतोच आहे.

दुर्बीण आली तेव्हा सर्वांत जास्त आनंद अम्मीला, म्हणजे मुलांच्या दादीला झाला. पण गच्चीचा जिना उभा आहे आणि तिचे गुडघे गेलेले. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. ती म्हणाली, "तुम्ही वर जाऊन बघा, आणि मला खाली आणून दाखवा. पण जसा आहे तसा दाखवा. टीव्हीवर दाखवतात तसला नको." ही अट तिने सहज घातली असेल. आम्हाला मात्र ती पुढे फार उपयोगी पडली.

आता संगणक. आमच्याकडे जुना लॅपटॉप आहे, चार जीबी मेमरीचा. विंडोज त्यावर इतके रेंगाळायचे की बटण दाबून चहा टाकावा, चहा होईपर्यंत पडदा उजळे. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा भाचा सुट्टीत आला आणि त्याने त्यावर लिनक्स मिंट बसवून दिले. तोच लॅपटॉप धावू लागला. पण दुर्बिणीचे फोटो सुधारण्यासाठी जी सॉफ्टवेअर लोक सांगतात, त्यातली बरीचशी विंडोजसाठीच लिहिलेली. गावातल्या एका दुकानदाराने सरळ तोड सुचवली: लिनक्स काढून टाका, पाचशे रुपयांत विंडोज आणि फोटोचे मोठे सॉफ्टवेअर, दोन्ही टाकून देतो. दोन्हींची किंमत काही हजारांत आहे, मग पाचशेत कसे, असे विचारल्यावर तो हसला. "सर, सगळेच वापरतात."

घरी हा विषय निघाला तेव्हा थोरली म्हणाली, "परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांनाही तुम्ही हेच म्हणता का, सगळेच करतात?" विषय तिथेच संपला. ज्याने रात्री जागून एखादी वस्तू बनवली आणि तिची किंमत सांगितली, त्याची ती वस्तू किंमत न देता उचलणे याला काय म्हणतात हे सांगायला मुफ्तीसाहेबांकडे जाण्याची गरज नव्हती. म्हणजे दोनच वाटा उरल्या: विकत घ्या, किंवा ज्याच्या कर्त्यानेच वापरायची मोकळीक दिली आहे ते शोधा.

विकतचे आम्ही आधी पाहिले, कारण त्याचे नाव फार ऐकले होते. पिक्सइनसाइट हे स्पेनमधले सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालते. जगभरचे हौशी लोक तेजोमेघांची, आकाशगंगांची जी डोळे दिपवणारी छायाचित्रे काढतात, त्यातली बरीचशी यावर तयार होतात. पण किंमत दोन-तीनशे युरो, आपल्या पैशात पंचवीस-तीस हजारांच्या घरात. शिवाय त्याला भरपूर मेमरीचा संगणक लागतो; आमच्या लॅपटॉपवर ते म्हणजे हत्तीला सायकलवर बसवणे. शिकायलाही महिने लागतात. ज्यांचा हा नित्याचा छंद आहे त्यांनी जरूर घ्यावे, किंमत वाजवी आहे. आम्हाला ते नको होते.

मग भाच्याने मोकळ्या परवान्याचा अर्थ समजावून सांगितला. हे सॉफ्टवेअर वापरा, दुसऱ्याला द्या, आत काय लिहिले आहे ते उघडून बघा, हवे तर बदला. अट एवढीच की बदललेले पुढे दिलेत तर तीच मोकळीक पुढच्यालाही द्यायची. अम्मी बाजूला लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे कुणीतरी विहीर खोदून ठेवली आणि बादली तिथेच ठेवली." भाचा म्हणाला, "नानीअम्मी, आमच्या सरांनी हे शिकवायला दोन तास घेतले."

निवड करण्याआधी काम काय आहे ते समजून घ्यावे लागते, आणि नेमके इथेच लोक घाई करतात. दुर्बिणीतून चंद्र बघताना तो पाण्याखाली ठेवल्यासारखा थरथरतो. ही थरथर आपल्या हवेची. एका क्षणी कडा स्वच्छ दिसते, पुढच्या क्षणी विरघळते. म्हणून एकच फोटो काढण्याऐवजी मिनिटभराचा व्हिडिओ घेतात. सेकंदाला तीस चित्रे म्हटली तर मिनिटात अठराशे. संगणकाने त्यातली स्वच्छ निवडायची, एकावर एक नेमकी बसवायची आणि त्यांची सरासरी काढायची. वर्गात आम्ही असे सांगतो: चाळीस मुलांनी एकच टेबल पट्टीने मोजले तर कोणाचे माप थोडे जास्त येईल, कोणाचे थोडे कमी, पण सरासरी खऱ्या मापाच्या जवळ जाईल. चित्रातल्या दाणेदार खरखरीचेही तसेच. शंभर चित्रे एकत्र केली की ती खरखर दहापट कमी होते. चारशे केली तर वीसपट. वर्गमुळाचा हा हिशेब नववीच्या मुलांना लगेच कळला. वर्गमुळाचा उपयोग काय, हा प्रश्न त्या दिवसापुरता तरी कोणी विचारला नाही.

चंद्र आणि ग्रहांसाठी हे काम करणारे ऑटोस्टॅकर्ट नावाचे नामी सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळते, पण विंडोजचे. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवण्याची एक सोय आहे आणि तिचे नाव, माफ करा, वाईन आहे. धाकट्याने जिन्यातून ओरडून विचारले, "अब्बू, लॅपटॉपमध्ये वाईन टाकू का?" आणि अम्मीच्या हातातली तस्बीह थांबली. नावातली ती इंग्रजी अक्षरे "वाईन म्हणजे नक्कल करणारे यंत्र नव्हे" अशा वाक्याची आहेत, हे तिला समजावता समजावता आमची पुरेवाट झाली. "नावाला हराम, कामाला हलाल," असा निकाल शेवटी तिनेच दिला. ऑटोस्टॅकर्ट वाईनवर चालले, पण मधेच अडकायचे, खिडक्यांतली अक्षरे कापली जायची. दर वेळी जुगाड करत बसणे मुलांच्या धीराला परवडणारे नव्हते.

म्हणून थेट लिनक्सवर चालणारी दोन राहिली. पहिले सिरिल. हे फ्रान्समध्ये वाढलेले मोकळे सॉफ्टवेअर. ख्रिश्चन ब्विल या फ्रेंच हौशी खगोलज्ञाचे आयरिस नावाचे जुने विंडोज सॉफ्टवेअर होते. त्या इंग्रजी नावाला लिनक्सचे पहिले अक्षर जोडून उलटे वाचले की सिरिल होते. २०२२ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली आणि तेव्हापासून ते बरेच सोपे झाले आहे. दुसरे प्लॅनेटरी सिस्टम स्टॅकर, रोल्फ हेम्पेल यांनी पायथन भाषेत लिहिलेले, तेही मोकळे.

एकाच रात्रीचा एकच व्हिडिओ आम्ही दोन्हींना दिला. चंद्र आठवीच्या सुमाराचा, अर्ध्याहून किंचित जास्त. त्या दिवशी उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर तीन मोठी विवरे एकाखाली एक दिसतात: टॉलेमियस, अल्फोन्सस आणि आर्झाकेल. तिसऱ्यावर आमचे विशेष लक्ष होते. आर्झाकेल म्हणजे आपले अझ-झरकाली, अकराव्या शतकात अंदलुसमधल्या तुलैतुला शहरात, म्हणजे आजच्या टोलेडोत, आकाश मोजण्याची यंत्रे बनवणारे. रिच्चोली या इटालियन पाद्र्याने १६५१ मध्ये चंद्राचा नकाशा छापला तेव्हा विवरांना जुन्या विद्वानांची नावे दिली, त्यात अरबी नावे लॅटिन वेषात जागोजाग आहेत. अल-बत्तानी अल्बाटेग्नियस झाले, अल-फरगानी अल्फ्रागानस, अस-सूफी अझोफी. आर्झाकेल विवराची रुंदी सुमारे ९७ किलोमीटर, सोलापूरहून विजापूर जितके लांब, जवळपास तितकी. आत मधोमध एक डोंगर आहे. तो डोंगर आणि त्याची सावली नीट दिसली तर काम जमले असे आम्ही ठरवले होते.

सिरिलने पूर्ण चित्र एकसंध धरून सरकवले आणि बसवले. टॉलेमियसचा काठ छान आला, पण आर्झाकेलचा डोंगर पुसट राहिला. कारण हवा सगळ्या चंद्राला एकसारखी हलवत नाही; एक कोपरा उजवीकडे सरकतो तेव्हा दुसरा डावीकडे. प्लॅनेटरी सिस्टम स्टॅकर चित्राचे लहान लहान तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यासाठी सर्वांत स्वच्छ चित्रे वेगळी निवडतो, वेगळी बसवतो आणि मग सांधतो. चार जीबीत त्याची दमछाक झाली, मेमरी कमी वापरण्याची सोय निवडावी लागली, आणि निकाल यायला इशाच्या नमाजनंतर जेवण उरकेपर्यंतचा वेळ गेला. पण डोंगर आला. त्याची टोकदार सावलीही आली. थोरली त्या पडद्याकडे बघत किती तरी वेळ काही बोलली नाही.

तेव्हा चंद्रासाठी प्लॅनेटरी सिस्टम स्टॅकर, हे ठरले. पुढचे रेखीवपण आणण्याचे काम, वेव्हलेट नावाच्या पद्धतीने, सिरिलमध्ये; आणि छपाईसाठी शेवटचा हात गिम्पमध्ये. गिम्प हेही मोकळे सॉफ्टवेअर, आणि २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ते उजेडाच्या बारीक छटा सांभाळते. त्याआधी त्यात एका रंगाच्या २५६ च पायऱ्या होत्या, आकाशाच्या कामाला त्या अपुऱ्या.

सिरिल आम्हाला आणखी एका कारणाने आवडले. ते चित्र फिट्स या प्रकारात ठेवते. हा प्रकार १९८१ पासून जगभरच्या वेधशाळा वापरतात. चित्राच्या डोक्यावर साध्या अक्षरांत नोंदी असतात आणि चित्रावर काय काय केले तेही त्यात लिहिले जाते. रोमच्या व्हॅटिकन ग्रंथालयाने आपली जुनी हस्तलिखिते पुढच्या पिढ्यांसाठी जपताना हाच प्रकार निवडला, कारण तो उघड आहे, एखाद्या कंपनीच्या कुलपात नाही. आपल्याकडच्या किती तरी घरांत आजोबांच्या हातच्या बयाजा वाळवी खात पडल्या आहेत. असो, तो वेगळा विषय.

नोंद राहणे का महत्त्वाचे, ते भाच्याच्या मोबाईलने दाखवून दिले. त्याचा मोबाईल भारी. दुर्बिणीशिवायच त्याने चंद्राचा फोटो काढला आणि त्यात विवरे दिसली. मुले हरखली. पण २०२३ मध्ये अशाच एका मोबाईलबद्दल जगभर चर्चा झाली होती. एकाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र लावले, लांबून त्याचा फोटो काढला, आणि मोबाईलने त्यात मूळ चित्रात नसलेले बारकावे भरून दिले. चंद्र कसा असतो हे मोबाईलला शिकवून ठेवलेले असते, आणि तो आठवणीतून काढून देतो. वर्गात ज्याला पाठांतर म्हणतात ते हे. मुलाने समोरचे पाहून उत्तर लिहिले की गाईडमधले उतरवले, हे शिक्षकाला कळायला हवे. आम्ही निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या दुर्बिणीत आले नाही ते बाहेरून आणून भरले जात नाही. अर्थात रेखीवपणाची कळ जास्त सरकवली तर कडांना पांढरी किनार येते, खरखरीची खोटी नक्षी उमटते. म्हणजे मोह इथेही आहेच, पण तो आपल्या हातात आहे आणि नोंदलेला आहे.

याच मुद्द्यावरून शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी घरात चांगलीच चकमक झाली. पश्चिमेला धुरकट होते. गच्चीवर कोणालाच काही दिसले नाही. भाच्याचे म्हणणे, पाचशे चित्रे एकत्र केली तर धुरकटातूनही कोर ओढून काढता येईल, मग ते चित्र चांद कमिटीला का दाखवू नये? त्याच्या बोलण्यात दम होता. थिएरी लगो या फ्रेंच छायाचित्रकाराने ८ जुलै २०१३ रोजी, भर दिवसा, नेमक्या अमावास्येच्या क्षणी, सूर्यापासून साडेचार अंशांच्याही आत असलेल्या चंद्राची केसासारखी कोर टिपली होती. त्याच आठवड्यात रमजान सुरू झाला होता. तेव्हा तंत्राला अशक्य काही नाही. पण त्यासाठी त्याने सूर्य झाकणारा पडदा, अवरक्त किरणांचा कॅमेरा आणि संगणक वापरला होता. माणसाच्या डोळ्याची मर्यादा वेगळी. फ्रेंच खगोलज्ञ आंद्रे दांजों यांनी १९३० च्या दशकात दाखवले की चंद्र सूर्यापासून सुमारे सात अंशांच्या आत असेल तर कोर दिसतच नाही.

आम्हाला वाटते, भाचा दोन प्रश्न एकत्र करत होता. चंद्र कुठे आहे, हे गणित सांगते, आणि मिनिटापर्यंत अचूक सांगते. त्यासाठी चित्राचीही गरज नाही. चंद्र दिसला का, हे बघणारा माणूस सांगतो आणि तो आपल्या शब्दाला जबाबदार असतो. पाचशे क्षणांची बेरीज करून काढलेली कोर कोणीच, कुठल्याच क्षणी पाहिलेली नसते. ती मोजमाप आहे, आणि मोजमाप म्हणून सुंदर आहे. दुर्बिणीतून पाहिलेला चांद ग्राह्य की नाही यावर उलेमांची मते एक नाहीत, आणि तो निर्णय त्यांचा आहे. आम्ही भाच्याला एवढेच म्हणालो, चित्र हवे तर बनव, शाळेत लाव, त्यावर "पाचशे चित्रांची सरासरी" असे लिही. तो रुसला. मग सेहरीला उठायचे की नाही हे कळेना, तेव्हा आपोआप बोलायला लागला. (जाता जाता: सूर्य पूर्ण बुडेपर्यंत दुर्बीण पश्चिमेकडे वळवू नका आणि मुलांना वळवू देऊ नका. एका क्षणात डोळा कायमचा जातो.)

अम्मीसाठी आम्ही आर्झाकेलच्या रात्रीच्या चित्राच्या दोन प्रती छापून आणल्या. स्टुडिओवाल्याने विचारले, "थोडा निळा करून देऊ का, उठून दिसेल." नको म्हटले. एका प्रतीत रेखीवपणा भरपूर, प्रत्येक विवर कोरल्यासारखे, दुसरी सौम्य. आम्हाला मनातून पहिली आवडत होती, मुलांना तर ती फारच. अम्मीने चष्मा पुसला, दोन्ही खिडकीजवळ नेल्या, बराच वेळ बघितल्या. पहिली बाजूला ठेवली. "हा पत्र्याचा आहे." दुसरीवर बोट फिरवत म्हणाली, "हा आपला. कडेला असाच मऊ असतो तो." मग विचारले, "ही काळी मैदाने कसली?" पूर्वी लोकांना समुद्र वाटले ती, थिजलेल्या लाव्ह्याची, असे धाकट्याने सांगितले. तिने दुआ पुटपुटली आणि फोटो उशाशी ठेवला. त्या दिवसापासून सिरिलमधली रेखीवपणाची कळ आमच्याकडे कोणी निम्म्याच्या पुढे नेत नाही.

आता हिवाळ्याची तयारी चालू आहे. देवयानीची दीर्घिका काढायची आहे, अस-सूफींनी ९६४ च्या सुमारास आपल्या तारकाग्रंथात "लहानसा ढग" म्हणून नोंदवलेली. भावाचा जुना कॅमेरा मिळाला आहे. पृथ्वी फिरते म्हणून तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ झडप उघडी ठेवता येत नाही. तीनशे चित्रे घेतली तर पंधरा मिनिटांचा उजेड जमेल. हे काम मात्र सिरिलचेच. आकाशाची चित्रे एका फोल्डरमध्ये, झाकण लावून काढलेली काळी चित्रे दुसऱ्यात, ठरलेल्या नावांनी ठेवली की बाकीचे ते स्वतः करते. अडचण जागेची. अठरा मेगापिक्सलचे एक रंगीत चित्र उलगडले की १०८ एमबी होते, तीनशेचे ३२ जीबी, आणि तेही १६ बिटचा पर्याय निवडला तर. ३२ बिटचा ठेवला तर दुप्पट. लॅपटॉपवर वीस जीबी मोकळे आहेत. थोरलीने लग्नाचे, वाढदिवसाचे जुने व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवायला घेतले आहेत, आणि धाकट्याच्या क्रिकेटच्या व्हिडिओंवरून दोघांची बोलणी अजून चालू आहेत.